मोजणाऱ्याची परीक्षा : प्रोफायलरमधले लॉक आणि त्यांच्या चाचण्या

प्रश्न कोणता?

प्रोग्रॅमचा वेळ कुठे खर्च होतो हे दाखवणारे साधन म्हणजे प्रोफायलर. सर्व्हर मंदावला किंवा ॲप अडखळू लागले की अभियंता प्रोफायलर लावतो आणि तो बोट दाखवेल त्या फंक्शनकडे वळतो. त्या बोटावर सहसा कोणी शंका घेत नाही. पण प्रोफायलर हाही एक प्रोग्रॅमच आहे. बहुतेक वेळा तो ज्याची पाहणी करतो त्याच्याच पोटात, त्याच्याच मेमरीत राहून काम करतो. तिथे एकाच वेळी शेकडो थ्रेड धावत असतील, तर त्या सगळ्यांच्या नोंदी त्याला एका जागी आणाव्या लागतात. अनेकांनी एकाच जागी लिहायचे म्हटले की लॉक आला.

लॉकबरोबर तीन धोके येतात. पहिला डेडलॉकचा: प्रोफायलर आणि प्रोग्रॅम एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात. दुसरा डेटा रेसचा: लॉक अपुरा पडतो आणि नोंदी एकमेकींवर लिहिल्या जातात. तिसरा धोका सूक्ष्म आहे: सगळे सुरळीत चालते, पण लॉकसाठी थांबल्यामुळे थ्रेडांचा मूळ क्रमच बदलतो. रस्त्यावरची वाहने मोजायला बसलेल्या माणसाने खुर्ची रस्त्याच्या मधोमध टाकली, तर त्याच्या वहीतली बेरीज बिनचूक असूनही रहदारीचे चित्र चुकते.

या तिन्ही धोक्यांची चाचणी कशी करायची यावर गेल्या चार दशकांत बरेच काम झाले आहे. पहिल्या दोहोंसाठी आज चांगली साधने आहेत. तिसऱ्याबाबत चित्र अजून अपुरे आहे. त्या सगळ्या कामाचा हा आढावा.

पार्श्वभूमी

१९८२ मध्ये बर्कली विद्यापीठातून सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांचा जीप्रॉफ आला. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटा कॉल घाली, त्यातून कोणी कोणाला किती वेळा हाक मारली ते मोजले जाई, आणि ठरावीक अंतराने प्रोग्रॅम कुठे आहे याचा नमुना घेतला जाई. त्या काळातल्या युनिक्स प्रोसेसमध्ये धावणारा धागा एकच असे, त्यामुळे लॉकचा प्रश्नच नव्हता.

पोसिक्स थ्रेडांचे प्रमाणीकरण १९९५ मध्ये झाले आणि एकट्यासाठी लिहिलेली ही यंत्रणा अनेकांच्या वापरात आली. ग्लिबसी या सी भाषेच्या लायब्ररीमधल्या जीप्रॉफच्या मोजणी फंक्शनने यावर काढलेली वाट अगदी साधी आहे. आत शिरताना ते एक ॲटॉमिक खूण तपासते. आधीच कोणी आत असेल तर थांबत नाही, ती नोंद सोडून परत फिरते. डेडलॉक टळतो, पण ही खूण सगळ्या प्रोसेसला मिळून एकच असल्याने दोन थ्रेड एकाच क्षणी तिथे पोचले तर एकाची मोजणी हरवते. थांबायचे की सोडून द्यायचे, ही निवड पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

१९८६ मध्ये जेसन गेट यांनी समांतर प्रोग्रॅमांमध्ये निरीक्षणाचा कोड घातल्यावर वर्तन कसे बदलते ते दाखवले. हा परिणाम तेव्हापासून 'प्रोब इफेक्ट' म्हणून ओळखला जातो. २०१० मध्ये मित्कोविच, दिवान, हाउसवर्थ आणि स्वीनी यांनी जावाचे चार वापरातले प्रोफायलर शेजारी ठेवले. एकाच प्रोग्रॅममधले सर्वांत महागडे फंक्शन कोणते, यावर त्यांचे वारंवार मतभेद निघाले. नमुने कोणत्याही क्षणी न घेता, व्हर्च्युअल मशीनला सोयीच्या ठरावीक ठिकाणीच घेतले जात होते, हे त्याचे मूळ कारण. त्या ठिकाणांना सेफपॉइंट म्हणतात. सुरक्षित जागी थांबले की नमुना पक्षपाती होतो आणि कुठेही थांबले की लॉकचा धोका वाढतो. या विषयातला खरा ताण हाच आहे.

लॉक नेमका कुठे अडतो?

चाचणीच्या पद्धती पाहण्याआधी अडचणीच्या जागा समजून घ्यायला हव्यात, कारण त्या नेहमीच्या मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅमपेक्षा वेगळ्या आहेत.

पहिली जागा सिग्नल हँडलर. युनिक्सवरचे बरेच प्रोफायलर सिगप्रॉफ या सिग्नलवर चालतात. टायमर वाजला की थ्रेड जिथे असेल तिथे रोखला जातो आणि त्याच थ्रेडवर हँडलर धावतो. समजा थ्रेड त्या क्षणी मेमरी मागत होता आणि मॅलॉकचा लॉक त्याच्याच हाती होता. आता हँडलरनेही मॅलॉकला हाक मारली, तर तो स्वतःच्याच हातातल्या लॉकची वाट पाहत बसतो. हँडलर संपल्याशिवाय मूळ काम पुढे सरकत नाही आणि मूळ काम सरकल्याशिवाय लॉक सुटत नाही. एकाच थ्रेडला पुन्हा आत येऊ देणारा रिकर्सिव्ह लॉक वापरूनही सुटका नाही, कारण मग हँडलरला अर्धवट बदललेला डेटा दिसतो.

दुसरी जागा थांबवलेला थ्रेड. विंडोजवर सिग्नलऐवजी एक सॅम्पलर थ्रेड दुसऱ्याला थांबवून त्याचा स्टॅक वाचतो. थांबवलेल्याच्या हाती हीपचा लॉक असेल आणि सॅम्पलरने मेमरी मागितली, तर दोघेही अडकतात. म्हणून क्रोमियमच्या सॅम्पलिंग प्रोफायलरमध्ये थ्रेड थांबवलेला असताना हीपमधून मेमरी मागायला सक्त मनाई आहे.

तिसरी जागा स्टॅक उलगडणारा कोड. कोणते फंक्शन कुठून आले हे शोधताना लोड झालेल्या लायब्ररींची यादी लागते आणि ती यादी लोडरच्या लॉकखाली असते. लायब्ररी लोड होत असतानाच सिग्नल आला तर पुन्हा तीच कोंडी. ग्लिबसीच्या २.३५ या आवृत्तीत, २०२२ मध्ये, हा शोध लॉकशिवाय करणारे नवे फंक्शन आले, ते याच कारणाने उपयोगी ठरले.

चौथी जागा फोर्क. फोर्क झाल्यावर नव्या प्रोसेसमध्ये फक्त हाक मारणारा थ्रेड उरतो. बाकीच्यांनी धरलेले लॉक मात्र धरलेल्या स्थितीतच नकलले जातात आणि सोडवायला कोणी नसते.

पाचवी जागा डोळ्यांना दिसतच नाही. गो भाषेच्या रनटाइममधले उदाहरण यासाठी फार बोलके आहे. ३२ बिटांच्या काही एआरएम आणि मिप्स प्रोसेसरांवर ६४ बिटांच्या ॲटॉमिक क्रिया हार्डवेअरऐवजी आतल्या आत एका स्पिनलॉकने पार पाडल्या जात. वरच्या कोडमध्ये लॉकचे नावही नाही, पण थ्रेड त्या क्रियेच्या मध्यात असताना सिगप्रॉफ आला आणि हँडलरने नोंद लिहायला तशीच क्रिया केली की डेडलॉक. यावर उपाय असा केला गेला की अशा नाजूक क्षणी आलेले सिग्नल नुसते मोजून ठेवायचे आणि पुढचा सिग्नल सुरक्षित ठिकाणी आला की तेव्हा ती संख्या जमेस धरायची. ज्याला आपण लॉकविरहित म्हणतो तो कोड प्रत्येक प्रोसेसरवर तसा असेलच असे नाही, हा यातला धडा.

रचनेच्या चार भूमिका

चाचणी कशाची करायची हे प्रोफायलरच्या रचनेवर ठरते. आज ढोबळपणे चार भूमिका दिसतात.

पहिली शिस्तीची. लॉक वापरावा, पण नियमाने. जीपर्फटूल्समध्ये नियंत्रणाचा आणि सिग्नलचा असे दोन लॉक आहेत. दुसरा घेण्याआधी सिग्नल रोखायचा, हा तिथला दंडक. मोझिलाच्या गेको प्रोफायलरमध्ये लॉक धरल्याचा पुरावा म्हणून एक संदर्भ फंक्शनांना द्यावा लागतो आणि तो नसेल तर कोड कंपाइलच होत नाही. या मार्गात नोंदी हरवत नाहीत आणि कोड वाचणाऱ्याला कळतो. मात्र कोअर वाढत गेल्या की हँडलरांची रांग लागू शकते.

दुसरी भूमिका प्रयत्न करून सोडून देण्याची. जावासाठीचा एसिंक-प्रोफायलर सोळा लॉकांचा संच ठेवतो. हँडलर त्यांपैकी तीन पाहतो आणि तिन्ही गुंतलेले असतील तर नमुना सोडतो, पण सोडल्याची मोजणी ठेवतो. इथे हँडलर थांबून राहतच नसल्याने या लॉकांवर डेडलॉक होत नाही. किंमत म्हणून काही नमुने जातात.

तिसरी भूमिका वाटणीची. सामायिक जागाच शक्य तितकी कमी करायची. जेडीके फ्लाइट रेकॉर्डर प्रत्येक थ्रेडला स्वतःचा बफर देतो, लिनक्सचा पर्फ रिंग बफर वापरतो. २००९ साली कर्नलमध्ये आलेल्या पर्फला तर पर्यायच नव्हता: एक्स८६ वर त्याचे नमुने अशा इंटरप्टमध्ये घेतले जातात की जो रोखताच येत नाही, त्यामुळे तिथे लॉकची वाट पाहणे निषिद्ध आहे. गोमधला प्रोफाइल बफरही एक लिहिणारा आणि एक वाचणारा यांच्यापुरता लॉकविरहित आहे. अनेक थ्रेडांच्या हँडलरांतून एकालाच लिहिता यावे म्हणून त्याच्यापुढे एक छोटा स्पिनलॉक आहे. बफर भरला तर किती नोंदी गेल्या हे तो लिहून ठेवतो.

चौथी भूमिका अंतर राखण्याची. पायथनसाठीचा पाय-स्पाय दुसऱ्या प्रोसेसमधून मेमरी वाचतो, त्यामुळे आतल्या लॉकशी त्याचा संबंध येत नाही. वाचताना तो प्रोग्रॅमला क्षणभर थांबवतो. न थांबवण्याचाही पर्याय आहे, पण मग अर्धवट बदललेला स्टॅक हाती लागू शकतो. २०२५ मध्ये जेडीके २५ मध्ये आलेली सहकारी सॅम्पलिंगची पद्धत वेगळ्या प्रकारचे अंतर राखते. थ्रेड रोखला असताना फक्त तो कुठे आहे एवढेच टिपले जाते आणि स्टॅक उलगडण्याचे काम पुढच्या सेफपॉइंटला सुरक्षितपणे होते. २०१० च्या अभ्यासाने दाखवलेला पक्षपात कमी ठेवून स्थैर्य मिळवण्याचा हा प्रयत्न आहे.

या चौघींत सरसकट श्रेष्ठ कोणी नाही. प्रत्येकीने जोखीम वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे, आणि चाचणी तिथेच व्हायला हवी.

चाचणीचे मार्ग

सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक वापरातला मार्ग ताणचाचणीचा. भरपूर थ्रेड सोडायचे, सॅम्पलिंगचा वेग वाढवायचा, प्रोफायलर सारखा चालू-बंद करायचा, मध्येच लायब्ररी लोड करायची, फोर्क करायचा, थ्रेड संपवायचे, आणि ठरावीक वेळेत काम उरकले नाही तर अडकले असे समजायचे. शान लू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मायएसक्यूएल, अपाची, मोझिला आणि ओपनऑफिस यांतले १०५ खरे समांतरता-बग तपासले. त्यांपैकी ९६ टक्के बग दोनच थ्रेडांमधला विशिष्ट क्रम साधला की हमखास दिसत होते. म्हणजे हजार थ्रेड सोडण्यापेक्षा दोन थ्रेडांचा नेमका क्रम साधणे मोलाचे. ताणचाचणी तो क्रम नशिबावर सोडते, ही तिची मर्यादा.

दुसरा मार्ग रेस शोधण्याचा. लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेली 'आधी घडले' ही संकल्पना आणि १९९७ च्या इरेजर या साधनाची लॉकसंच पद्धत हे त्याचे दोन पाय. २००९ मध्ये सेरेब्र्यानी आणि इस्खोजानोव यांनी मांडलेला थ्रेडसॅनिटायझर आज सी++ आणि गोच्या जगात नित्याचा झाला आहे. हँडलरमधून असुरक्षित फंक्शनला हाक गेली तर तेही तो सांगतो.

तिसरा मार्ग क्रमाच्या नियमांचा. लिनक्समधला लॉकडेप इंगो मोलनार यांनी २००६ मध्ये आणला. डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याची तो वाट पाहत नाही. कोणता लॉक कोणानंतर घेतला गेला याचा आलेख तो ठेवतो. एखादा लॉक इंटरप्टमध्येही घेतला जातो आणि इंटरप्ट चालू असतानाही, असे दिसले की तो इशारा देतो. प्रोफायलरच्या हँडलरची अडचण नेमकी हीच आहे. सिग्नलच्या बाबतीत असे साधन यूजरस्पेसमध्ये कर्नलइतके रुळलेले नाही. क्लँगमधली थ्रेड-सुरक्षिततेची भाष्ये काही नियम कंपाइल करतानाच तपासतात, एवढाच आधार.

चौथा मार्ग शेड्युलर स्वतःच्या हाती घेण्याचा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या चेस या साधनाने २००८ मध्ये थोड्या थ्रेडबदलांत शक्य असलेले क्रम पद्धतशीरपणे धुंडाळून दाखवले. २०१० च्या पीसीटी पद्धतीने यादृच्छिक शेड्युलरलाही हमी दिली: बग दिसायला किती घटनांचा क्रम साधावा लागतो याला त्याची खोली मानले, तर एका फेरीत तो सापडण्याची किमान शक्यता गणिताने सांगता येते. रस्टमधील लूम हे साधन मेमरी मॉडेलने परवानगी दिलेल्या पर्यायांपर्यंत जाते. बफरसारख्या छोट्या, सुट्या भागासाठी हा मार्ग उत्तम आहे.

पाचवा मार्ग पुनर्खेळाचा. आरआर हे साधन एकदा झालेली फेरी, त्यात सिग्नल कोणत्या सूचनेवर आला इथपर्यंत, तशीच पुन्हा चालवते. एकदा सापडलेला बग त्यामुळे निसटत नाही.

साधनच चित्र बदलते तेव्हा

या मार्गांची ताकद मान्य करूनही एक अडचण उरते. थ्रेडसॅनिटायझर बाहेरून आलेले सिग्नल लगेच पोचवत नाही, सुरक्षित ठिकाणापर्यंत लांबवतो. प्रोफायलरच्या चाचणीत तर सिग्नल वाटेल तिथे येणे हाच परीक्षेचा गाभा. शिवाय तो प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट मंदावतो. हेलग्राइंड हे रेस शोधणारे दुसरे साधन आणि आरआर एका वेळी एकच थ्रेड चालवतात, म्हणून खऱ्या अनेक कोअरवरची स्पर्धा तिथे दिसत नाही. बहुतेक नियंत्रित शेड्युलर दोन थ्रेडांमधला क्रम बदलतात, एकाच थ्रेडच्या मध्यात घुसलेला हँडलर त्यांच्या प्रतिमानात नसतो. प्रोब इफेक्ट असा दोनदा लागू होतो: प्रोफायलर प्रोग्रॅमला बदलतो आणि चाचणीचे साधन प्रोफायलरला.

अनुत्तरित काय?

पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सोडलेल्या नमुन्यांचा. नमुने सरसकट कुठूनही गळले तर टक्केवारी फारशी बिघडत नाही. पण प्रयत्न करून सोडणाऱ्या रचनेत नमुने गर्दीच्या क्षणी गळतात, आणि प्रोग्रॅम समजून घ्यायला तोच क्षण सर्वांत महत्त्वाचा असू शकतो. ही गळती एखाद्या थ्रेडच्या किंवा फंक्शनच्या वाट्याला जास्त येते का, हे तपासणाऱ्या चाचण्या विरळ आहेत. गोच्या १.१८ आवृत्तीत, २०२२ मध्ये, लिनक्सवर संपूर्ण प्रोसेसच्या एका टायमरऐवजी थ्रेडनिहाय टायमर आले. त्याने प्रोफाइलला दिसू शकणाऱ्या सीपीयू वापराची मर्यादा वाढली आणि काही प्रकारचा पक्षपात कमी झाला. म्हणजे हा प्रश्न कागदी नाही, अशा पक्षपाताचा प्रत्यक्ष परिणाम होतो.

दुसरा प्रश्न किती तपासले म्हणजे पुरे. सिग्नल कोणत्याही सूचनेवर येऊ शकतो. प्रत्येक सूचनेवर तो घालून पाहणे छोट्या फंक्शनसाठी शक्य आहे, संपूर्ण रनटाइमसाठी नाही. मधली व्यवहार्य मर्यादा कोणती यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न हार्डवेअरचा. एक्स८६ मेमरीतला क्रम बऱ्यापैकी कडक पाळतो, एआरएम सैल सोडतो. एकावर वर्षानुवर्षे निर्धोक चाललेला लॉकविरहित बफर दुसऱ्यावर चुकू शकतो, त्यामुळे एकाच प्रकारच्या यंत्रावरची हिरवी खूण अपुरी ठरते.

चौथा प्रश्न बदलत्या भाषांचा. पायथनमध्ये जीआयएल हा एकच मोठा लॉक अनेक साधनांना नकळत सांभाळून घेत होता. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत त्याशिवाय चालणारा पायथन प्रायोगिक स्वरूपात उपलब्ध झाला आणि ते संरक्षण गृहीत धरणाऱ्या प्रत्येक विस्ताराला नवी परीक्षा आली. जावात जेडीके २१ पासून व्हर्च्युअल थ्रेड आहेत. लाखो हलके थ्रेड मोजक्या खऱ्या थ्रेडांवर फिरत असताना नमुना कोणाच्या नावे लिहायचा हा प्रश्न लॉकच्या पलीकडचा, पण त्याला चिकटलेला आहे.

पाचवा प्रश्न चाचण्यांच्या विश्वासाचा. नमुने संख्याशास्त्रीय असतात, म्हणून चाचणीला सूट ठेवावी लागते. सूट कमी ठेवली तर चाचणी विनाकारण पडते आणि टीम तिच्याकडे दुर्लक्ष करू लागते. जास्त ठेवली तर खरा दोष सुटतो. गोच्या चाचण्या थोड्या वेळात पटण्याजोगे उत्तर न आल्यास दुप्पट वेळ चालवून पुन्हा पाहतात. वाट समंजस आहे, पण सूट किती हा निर्णय तिथेही माणसाचाच.

आज आपण कुठे आहोत?

काही गोष्टी आता वादापलीकडे गेल्या आहेत. हँडलरमध्ये मेमरी मागू नये, रोखलेल्या थ्रेडने धरलेला असू शकेल अशा लॉकची तिथे वाट पाहू नये, थांबवलेल्या थ्रेडशी लॉक वाटून घेऊ नये, फोर्कचा विचार आधीच करावा, यावर चारही भूमिका एकमुखी आहेत. बफरसारखे सुटे भाग नियंत्रित शेड्युलरखाली, लॉकांचा क्रम नियमांच्या साधनाने आणि संपूर्ण प्रोफायलर ताणचाचणीने तपासावा, ही विभागणीही बरीच मान्य झाली आहे. कोणतेही एक साधन दुसऱ्याची जागा घेत नाही.

मात्र 'अडकला नाही' आणि 'खरे सांगितले' या दोन निकषांत अजून अंतर आहे. ते कमी करायला एक साधा हिशेब लगेच सुरू करता येतो: हँडलरपर्यंत पोचलेले सिग्नल म्हणजे नोंदवलेले आणि सोडलेले नमुने यांची बेरीज, आणि हा ताळा प्रत्येक थ्रेडसाठी वेगळा जुळला पाहिजे. त्याच्या जोडीला, ज्यात कोणत्या थ्रेडने किती काम केले हे आधीच ठाऊक आहे असा प्रोग्रॅम चालवून, प्रोफाइलमधले प्रमाण त्याच्याशी मिळते का ते पाहायचे, आणि तेही लॉकवर मुद्दाम गर्दी करून. एसिंक-प्रोफायलर आणि गो सोडलेल्या नोंदींची मोजणी आजही ठेवतात, म्हणजे कच्चा माल हाताशी आहे. ती मोजणी थ्रेडनिहाय होऊन चाचणीच्या निकषात आणि वापरणाऱ्याच्या अहवालात आली, तर प्रोफायलर काय दाखवतो याबरोबरच त्याच्या नजरेतून काय सुटले हेही अभियंत्याला कळेल, आणि कोणते फंक्शन सुधारायचे याचा निर्णय अधिक भरवशाचा होईल.